रात्रीची कापडी चड्डी गळते: नवी घेण्याआधी काय काय तपासायचं

झोपेत शू होणाऱ्या मुलासाठी धुऊन पुन्हा वापरायची रात्रीची चड्डी आणली, चार रात्री बऱ्या गेल्या आणि पाचव्या दिवशी चादर पुन्हा ओली. मग त्याहून जाड चड्डी येते. ती गळली की आणखी जाड. पण शू मांडीजवळच्या फटीतून निसटत असेल, तर मधलं पॅड कितीही वाढवा, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असंच होणार. म्हणून खालच्या क्रमात फुकटच्या तपासण्या आधी घेतल्या आहेत आणि खरेदी शेवटाकडे. तिथे पोचेपर्यंत हातात एक आकडा आलेला असेल: सगळ्यात जड रात्री किती शू होते. तो आकडा नसताना घेतलेली चड्डी म्हणजे अंदाजपंचे कारभार.

लक्षणं: ओल नेमकी कुठे आहे?

सकाळी चादर लगेच ओढून मशीनमध्ये टाकू नका. दिवा लावा, चड्डी, पायजमा, बनियन आणि चादर हाताने चाचपून बघा. गळतीचा माग या दोन मिनिटांतच लागतो.

- बनियनचा किंवा टी-शर्टचा खालचा घेर ओला आहे, पण चड्डीचा मागचा भाग कोरडा: शू कमरेकडून वर गेली.
- पायजम्यावर एकाच मांडीच्या आतल्या बाजूला लांबट डाग: पायाच्या इलास्टिकपाशी फट आहे.
- चड्डी पुढून-मागून जड झालीय, उचलली तर निथळते, चादरीवर गोल मोठा डाग: कापडाची शोषायची क्षमता संपली.
- चादर ओलीचिंब, चड्डी मात्र जेमतेम दमट: कापड पाणी घेतच नाहीये.
- चड्डी बाहेरून, बुडाखाली, सगळीकडे थोडी-थोडी ओलसर: आतला जलरोधक थर गेला.
- ओल फक्त शिवणीच्या रेषेवर: सुईच्या भोकांतून झिरपतंय.
- आधी महिनोन्‌महिने नीट चाललेली चड्डी हळूहळू गळायला लागली, सकाळी नाकात जाणारा उग्र वास येतो: बहुतेक वेळा धुण्यात गडबड.

दोन लक्षणं एकत्रही दिसतात. अशा वेळी जी तपासणी आधी येते ती आधी करा.

१. बनियन आणि पायजमा

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. झोपताना बनियन चड्डीत खोचलेली असेल तर सुती कापड दिव्याच्या वातीसारखं काम करतं. आतली ओल शोषून घेतं आणि कमरेवरून बाहेर आणून चादरीला देतं. चड्डी अर्धी रिकामी असते तरी गादी ओली होते. बनियन बाहेर काढा. चड्डीच्या पायाच्या कडेतून आतल्या पॅडचा किंवा अस्तराचा एखादा कोपरा डोकावत असेल तर बोटाने आत सारा. तेवढ्या कोपऱ्यातूनही वात लागते. घट्ट पायजम्याने चड्डी दाबली जाते आणि भिजलेलं कापड पिळल्यासारखं होतं, म्हणून रात्री पायजमा सैल हवा.

२. शू कोणत्या दिशेला जाते

मुलग्यांच्या बाबतीत चड्डी चढवताना लिंग खालच्या दिशेला राहिलं पाहिजे. वर किंवा बाजूला वळलेलं असेल तर सगळी धार थेट कमरेच्या पट्ट्यावर जाते आणि तिथे शोषणारं कापड फार कमी असतं. मोठ्या मुलाला हे एकदा नीट समजावून सांगितलं की तो स्वतः करतो.

झोपायची पद्धतही बघा. पालथं झोपणाऱ्या मुलाची शू पुढे साठते, उताणं झोपणाऱ्या मुलीची मागे, आणि कुशीवर झोपणाऱ्याची खालच्या मांडीकडे. पॅड सुटं असेल तर जिथे ओल साठते तिथे त्याची दुहेरी घडी पडेल असं ठेवा. पॅड शिवलेलं असेल तर हा पर्याय नाही, आणि खरेदीच्या वेळी याचा विचार करायलाच हवा.

३. ही चड्डी रात्रीची आहे का?

दिवसा शू सांगायला शिकवताना वापरतात त्या ट्रेनिंग चड्ड्या आणि रात्रीच्या चड्ड्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. ट्रेनिंग चड्डीचं काम एखादी चूक सांभाळण्यापुरतं असतं. मूल सुरू झालं, थांबलं, बाथरूमकडे पळालं, तेवढंच. रात्री मूत्राशय पूर्ण रिकामं होतं, काही वेळा दोनदा. लेबलवर मिलीलिटरमध्ये क्षमता दिलेली नसेल आणि मधलं पॅड बोटांत धरल्यावर नेहमीच्या टॉवेलपेक्षा पातळ लागत असेल, तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. ती दिवसाला ठेवा आणि आकड्यासाठी थेट सहाव्या मुद्द्यावर जा.

४. माप

वयावरून माप घेणं हे इथलं नेहमीचं चुकीचं पाऊल. सहा वर्षांच्या दोन मुलांच्या मांड्यांत केवढा तरी फरक असतो. मोजपट्टी घ्या. बेंबीखाली जिथे चड्डी बसते तिथला घेर आणि मांडीचा सगळ्यात जाड जागेचा घेर, असे दोन आकडे लिहून ठेवा.

घातल्यावर कमरेच्या पट्ट्यात दोन बोटं सहज जावीत, मूठ जाऊ नये. पायाच्या इलास्टिकने सकाळी हलकी गुलाबी रेघ उमटली तर हरकत नाही, मोज्यानेही उमटते. खोल वळ, सोललेली त्वचा किंवा तासाभरानंतरही न गेलेली खूण असेल तर चड्डी लहान आहे.

उभ्या मुलावर माप बघून थांबू नका. त्याला कुशीवर झोपवा, गुडघे पोटाशी घ्यायला सांगा आणि मांडीच्या मागच्या बाजूला बघा. उभं असताना चपखल बसलेली कड इथे उघडते आणि प्रकाश आत शिरताना दिसतो. दुसरं म्हणजे वजन. ३०० मिली शू म्हणजे साधारण ३०० ग्रॅम ओझं. ते आल्यावर सैल इलास्टिक खाली ओघळतं आणि कोरडी असताना नसलेली फट तयार होते. मूल तयार असेल तर अंघोळीआधी चड्डी घालून त्यात पेलाभर कोमट पाणी सावकाश ओता, त्याला बसू दे, आडवं होऊ दे. पाणी कुठून बाहेर येतंय ते समोर दिसतं. मुलाला लाज वाटत असेल तर हा प्रयोग सोडून द्या.

५. थेंबाची परीक्षा

स्वच्छ, कोरडी चड्डी घ्या. आतल्या बाजूवर चमच्याने चार-पाच थेंब पाणी टाका. कापड ठीक असेल तर थेंब काही सेकंदांत पसरून नाहीसा होतो. अळवाच्या पानावर बसावा तसा गोल, चमकत बसून राहिला आणि चड्डी तिरकी केल्यावर घरंगळत गेला, तर कापडावर कशाचा तरी थर आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. सर्वात वरचं अस्तर फ्लीससारखं, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं असेल तर त्यावर थेंब थोडा वेळ थांबतोच, कारण ते स्वतः कोरडं राहून पाणी खाली सोडण्यासाठी असतं. तिथे बोटाने हलकं दाबून बघा. दाबल्यावरही खाली गेलं नाही तर दोष आहे.

हा थर चार वाटांनी येतो.

फॅब्रिक सॉफ्टनर किंवा कंडिशनर: कपडा मऊ लागावा म्हणून तो धाग्यावर तेलकट पापुद्रा चढवतो. टॉवेलवरही त्याने हेच होतं, फक्त तिथे चादर ओली होत नसल्याने कोणी तक्रार करत नाही. पूर्ण बंद करा.

मलम: पुरळासाठी लावलेली पेट्रोलियम जेली किंवा झिंकचं जाड मलम कापडाला लागतं आणि तेवढा भाग पाणी घेत नाही. मलम गरजेचं असेल तर मध्ये पातळ फ्लीसची पट्टी टाका आणि ती वेगळी धुवा.

साबण: कपड्यांचा साबण घासून धुतलं आणि पाणी जड, क्षारांचं असलं की न विरघळणारा साका तयार होतो आणि धाग्यात अडकतो. डिटर्जंट जास्त झालं तर तेही मागे राहतं. स्वच्छ चड्डी साध्या पाण्यात खळबळून बघा. फेस आला तर धुणं पुरं झालेलं नाही.

नवेपणा: बिनब्लीच सुती आणि हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याच्या) काही कापडांत मुळातला तेलकटपणा असतो. पहिल्या वापराआधी एकदा धुणं पुरत नाही, पाच-सहा वेळा धुऊन वाळवल्यावरच ती पुरेसं शोषायला लागतात. "नवीच गळते" या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच निघतं.

उपाय: लेबलवर लिहिलेल्या कमाल तापमानाला (बहुतेकांवर ४० किंवा ६० अंश सेल्सिअस असतं) आधी एकदा पुरेशा डिटर्जंटने, मग डिटर्जंट न घालता फेस थांबेपर्यंत दोन-तीनदा धुवा आणि थेंबाची परीक्षा परत घ्या. उकळत्या पाण्यात टाकू नका. जलरोधक थर आणि इलास्टिक दोन्ही त्यात खराब होतात.

रोजचं धुणं असं: सकाळी काढल्या काढल्या थंड पाण्याखाली धरून शू निघेपर्यंत पिळत राहा. शूमधल्या युरियाचं जंतू अमोनिया करतात, आणि भरलेली चड्डी बंद पिशवीत दोन दिवस पडली की तो वास धाग्यात मुरतो. बादलीत भिजवून ठेवणंही नको. नंतर पाण्याच्या आणि कपड्यांच्या प्रमाणात पुरेसं डिटर्जंट आणि शेवटी एक जादा खळबळणं. वास जावा म्हणून डिटर्जंट दुप्पट करणारे आणि त्वचेच्या काळजीने चिमूटभर टाकणारे, दोघांनाही शेवटी तोच वास येतो. ब्लीच टाळा. शू न काढलेल्या कपड्यावर तर कधीच ओतू नका, अमोनिया आणि क्लोरीन ब्लीच एकत्र आले की विषारी वायू निघतो.

६. वजनकाटा

आता तो आकडा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

रात्री कोरड्या चड्डीचं वजन लिहा. सकाळी ओल्या चड्डीचं वजन करा. फरक ग्रॅममध्ये जितका, जवळपास तितके मिली शू. बाहेर गळलं असेल तर पायजमा आणि चादरही मोजा, नाहीतर आकडा कमी येतो. नेमकी जी रात्र गळली, तीच तुम्हाला मोजायची आहे. उदाहरणार्थ, चड्डी कोरडी १४० आणि सकाळी ४१० ग्रॅम, म्हणजे २७०. पायजमा आणि चादर मिळून ६० ग्रॅम वाढली. एकूण ३३० मिली. असं पाच ते सात रात्री करा आणि सरासरी काढू नका, सगळ्यात जड रात्र धरा. गादीला सरासरी कळत नाही.

आता चड्डीची खरी ताकद. ती पाण्यात पूर्ण बुडवा, दहा मिनिटं ठेवा, उचलून थेंब गळायचे थांबेपर्यंत दोरीवर लटकवा आणि वजन करा. कोरडं वजन वजा केलं की कमाल क्षमता मिळते. मात्र ही दोरीवरची क्षमता झाली. मुलाचा भार पडला की कापड पिळलं जातं. विश्वास नसेल तर भिजलेली चड्डी ताटात ठेवून तळहाताने नीट दाबा आणि ताटात किती पाणी साचतं बघा. म्हणून ठोकताळा असा: कमाल क्षमता जड रात्रीच्या दीडपट हवी. ३३० मिलीसाठी ५०० मिली. लेबलवरचा आकडाही बहुधा दाब न देता काढलेला आहे असं समजून चाला.

मुलाचा आकडा जास्त की नेहमीचा हे ताडण्यासाठी डॉक्टर एक साधं सूत्र वापरतात: वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा. सहा वर्षांच्या मुलाचं मूत्राशय साधारण २१० मिलीचं, आठ वर्षांच्याचं २७० मिलीचं. रात्रभरात तयार होणारी शू (सकाळी उठल्यावर केलेलीसुद्धा धरून) या आकड्याच्या १३० टक्क्यांच्या वर, म्हणजे आठ वर्षांच्या मुलात ३५० मिलीच्या वर, वारंवार जात असेल तर शरीर रात्री जास्त शू तयार करतंय. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

७. थर कोणत्या क्रमाने

भरलेलं मूत्राशय अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामं होतं. जाहिरातीत निळं पाणी किती हळुवार ओततात ते आठवा, मूल तसं करत नाही. म्हणून किती मावतं याच्याइतकंच किती पटकन आत जातं हेही महत्त्वाचं.

मायक्रोफायबर झटकन शोषतं, पण दाबलं की स्पंजासारखं सोडतं, शिवाय त्वचेला थेट लागलं तर ती कोरडी पाडतं. सुती कापड दोन्हींत मध्यम. बांबूचं कापड सुतीपेक्षा जास्त धरतं. हेम्प सगळ्यांत हट्टी: सावकाश घेतं, पण घेतलेलं सहज सोडत नाही, वाळायलाही वेळ लावतं. तेव्हा वरून खाली क्रम असा हवा: त्वचेजवळ फ्लीसचं पातळ अस्तर, मग झटपट शोषणारं, आणि सर्वात खाली हेम्प किंवा बांबू. सुटी पॅडं उलट्या क्रमाने घातली असतील तर वरचं हेम्प भिजेपर्यंत शू बाजूने वाट काढते. चड्डी अर्धी कोरडी आणि पायजमा ओला, याचं हे आणखी एक कारण.

जादा पॅड घालताना मांडीची कड परत तपासा. जाडी वाढली की कड वर उचलली जाते आणि क्षमता वाढवण्याच्या नादात नवी फट पडते. बहुतेक चड्ड्यांत एकापेक्षा जास्त जादा पॅड निभावत नाही. आत प्लास्टिकची पिशवी घालू नका, दोन जलरोधक चड्ड्या एकावर एक चढवू नका. घाम कोंडून त्वचा सोलते.

८. जलरोधक थर

चड्डी उलटी करा आणि खिडकीसमोर धरा. बाहेरच्या कापडाला आतून चिकटवलेला पीयूएल किंवा टीपीयू नावाचा पातळ चकचकीत थर असतो. तो सुटला असेल तर बुडबुडे, सुरकुत्या, भेगा दिसतात, बोटाने चोळल्यावर कापडापासून वेगळा सरकतो. खात्री करायची तर कोरड्या टॉवेलवर चड्डी ठेवून आत १०० मिली पाणी ओता, पाच मिनिटांनी दाबा. टॉवेलवर मधोमध ओल आली तर थर गेला, फक्त रेषेत आली तर शिवण झिरपतेय. इस्त्री, उकळतं पाणी, ड्रायरची जास्त उष्णता, ब्लीच, ही त्याची नेहमीची कारणं.

सुटलेला थर घरी चिकटत नाही. इथे थांबा. तशी चड्डी आतल्या पॅडसाठी कापून ठेवा. सैल झालेलं इलास्टिक मात्र शिंपी सहज बदलतो, पण पायाच्या कडेवर शिलाई जलरोधक भागातून न घेता कडेच्या पट्टीतूनच घ्यायला सांगा.

९. आता नवी घ्यायची तर

कंबर, मांडी आणि जड रात्र, हे तीन आकडे हातात असतील. दुकानात क्रम असा ठेवा: आधी मांडीची कड (आत दुहेरी इलास्टिक असेल तर उत्तम), मग क्षमता, मग शिवण. जलरोधक थरातून आरपार मधोमध गेलेली शिलाई दिसली की परत ठेवा. सुटं पॅड लवकर वाळतं आणि जागा बदलता येते, शिवलेलं पॅड रात्री सरकत नाही. अंगाची फार वळवळ करणाऱ्या मुलाला शिवलेलं बरं, बाकीच्यांना सुटं. मूल मोठं असेल, दुसरीकडे मुक्कामी जात असेल, तर नेहमीच्या चड्डीसारखी दिसणारी घ्या. कितीही चांगली चड्डी मुलाला घालावीशी वाटली नाही तर ती गळती थांबवत नाही.

५०० मिलीच्या पुढची गरज ओढून घालायच्या चड्डीत भागवणं कठीण. तिथे बाजूने बटणं असलेली जाड कापडी चड्डी आणि वर वेगळं जलरोधक आवरण हा प्रकार बघा, आणि काही झालं तरी गादीवर धुता येण्याजोगं शोषक अंथरूण टाकाच. आधी एकच चड्डी आणा, आठवडाभर वजनकाट्यावर पारखा, मग उरलेल्या. रोज धुणं असेल आणि एका दिवसात वाळत असेल तर तीन पुरतात. हेम्प असेल किंवा हवा दमट असेल तर पाच.

१०. चड्डीचा प्रश्न संपून डॉक्टरांचा सुरू होतो तेव्हा

रात्री झोपेत शू होणं पाच वर्षांपर्यंत आजार समजलाच जात नाही. पाच वर्षांच्या शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना होतं, आणि दर वर्षी त्यातली साधारण पंधरा टक्के मुलं आपोआप कोरडी राहू लागतात. मूल मुद्दाम करत नाही, रागावून ते थांबतही नाही.

घरी करण्यासारखं: दिवसभर पाणी भरपूर, झोपण्याआधीचा तास-दीड तास कमी. संध्याकाळनंतर चहा, कॉफी, कोला नको. झोपताना एकदा आणि गोष्ट सांगून झाल्यावर पुन्हा एकदा शू. आणि बद्धकोष्ठ बघा. साचलेली कडक शी मूत्राशयावर दाब देते. शी खड्यांसारखी, दुखत होत असेल किंवा आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, तर आधी तिचा उपचार करायचा. त्यासाठीसुद्धा डॉक्टरच, घरातला जुलाब नव्हे.

मूल पाच वर्षांचं झालं असेल आणि त्याचा त्याला त्रास होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला थांबू नका. ओल लागताच वाजणारा अलार्म आणि डेस्मोप्रेसिन हे औषध असे दोन मुख्य उपचार आहेत. अलार्मला दोन-तीन महिने चिकाटी लागते. गादीवर ठेवायचा अलार्म असेल तर शोषक चड्डी घालू नका, गादी ओलीच झाली नाही तर तो वाजणार कसा? डेस्मोप्रेसिन डॉक्टरांशिवाय इतर कोणाच्या सांगण्यावरून देऊ नका. ते घेतल्यावर रात्री पाणी पिण्यावर मर्यादा असते, ती मोडली तर रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं.

पुढचं काही दिसलं तर चड्डीच्या तपासण्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर: सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, शू करताना जळजळ, दुखणं किंवा शूमध्ये रक्त, दिवसाही थेंब-थेंब गळणं, बारीक धार, कुंथावं लागणं, मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं, चालण्यात बदल, पायात अशक्तपणा, पाठीच्या खालच्या टोकाला खळगा किंवा केसांचा पुंजका. ताप आणि उलट्यांसोबत शूचा त्रास असेल, किंवा मूल सारखं पाणी मागतंय, भरपूर शू करतंय आणि वजन उतरतंय, तर त्याच दिवशी दाखवा. सारखी तहान आणि उतरणारं वजन यामागे मधुमेह असू शकतो आणि तो दोन-चार दिवसांत गंभीर होतो.

जाताना वजनांची वही, दोन आठवड्यांच्या ओल्या-कोरड्या रात्री आणि दोन दिवस मुलाने किती प्यायलं, किती वेळा शू केली याची नोंद बरोबर न्या. डॉक्टर पहिल्याच भेटीत हेच विचारतात.